चिकणमातीच्या लॉनमधलं मॉस: इंग्लंडात पहिल्यांदाच बागेचं घर घेतलेल्यांसाठी

आपली बहुतेक मंडळी घरं बघतात उन्हाळ्यात, तेव्हा मागचं लॉन हिरवंगार दिसतं, फोटोही छान येतात, मग घर घेतलं जातं, हिवाळा जातो आणि फेब्रुवारीत मागे गेलं की पाय खाली दबतो, बुटाच्या कडेने पाणी वर येतं आणि वाकून बघितलं की गवत जेमतेम चारदोन काड्या आणि बाकी सगळं मॉस, म्हणजे ओलाव्यात वाढणारं मऊ हिरवं शेवाळ. मग गार्डन सेंटरला जाऊन कुठलंतरी मॉस किलर आणलं जातं, मॉस काळं पडतं, काढलं जातं आणि पुढच्या फेब्रुवारीत परत जैसे थे. हे चक्र मी आमच्याकडेही बघितलंय आणि आजूबाजूच्या कितीतरी मराठी घरांमध्येही, म्हणून हे सगळं एकदा नीट क्रमाने लिहितेय.

मी उत्तर-पश्चिम लंडनमध्ये राहते, इथे खाली सगळीकडे लंडन क्ले नावाची चिकणमाती आहे. मिल्टन कीन्सकडच्या लोकांच्या खाली ऑक्सफर्ड क्ले असते. नाव वेगळं, त्रास तोच. तुमच्या भागात माती वाळूची असेल तर यातलं बरंच तुम्हाला लागू नाही, त्यामुळे पहिली पायरी सोडू नका.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा

मॉस गवताला मारत नाही. गवत जिथे आधीच हरलेलं असतं तिथे मॉस येऊन बसतं. त्याला खरी मुळं नसतात, बी नसतं, बीजाणू हवेतून येतात आणि ओलावा मिळाला की बस्स. गवत साधारण 5-6 डिग्रीच्या खाली वाढायचं थांबतं, मॉस त्याहून थंडीतही वाढत राहतं, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी मैदान त्याचंच.

आता लोक म्हणतात लंडनचा पाऊस. पण बघा, लंडनला वर्षाला साधारण 600 मिलिमीटर पाऊस पडतो, पुण्याला त्याहून जास्त पडतो. फरक असा की आपल्याकडे तो चार महिन्यांत धोधो पडून जातो आणि नंतर ऊन सगळं सुकवतं, इथे बारा महिने थोडा थोडा, आणि हिवाळ्यात उन्हात सुकवायची ताकदच नसते. डिसेंबरमध्ये लंडनला दुपारी बारालाही सूर्य क्षितिजापासून जेमतेम 15 अंश वर असतो. म्हणजे दक्षिणेकडे सहा फुटी फेन्स असेल तर तिची सावली भर दुपारी साधारण 22 फूट लांब पडते. टेरेस (ओळीतल्या) किंवा सेमी (जोड) घरांच्या बागा केवढ्या असतात ते तुम्हाला माहितीये. अर्धं लॉन हिवाळाभर उन्हाशिवाय, आणि खाली पाणी न सोडणारी चिकणमाती.

म्हणून मॉस मारणं हे या कामातलं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात कमी महत्त्वाचं काम आहे. खरं काम मातीत हवा जाऊ देणं आणि गवत दाट करणं.

1. खाली खरंच चिकणमाती आहे का ते बघा

लॉनच्या कडेला फावड्याने वीतभर खोल माती काढा. मूठभर घ्या, ओली करा, तळहातावर वळून तिची पेन्सिलएवढी वात करा आणि तिचं कडं करायचा प्रयत्न करा. न तुटता कडं झालं आणि बोटाने घासल्यावर माती चमकली तर चिकणमाती. वातच वळत नसेल, हातात सुटी होत असेल, तर वाळू जास्त आहे.

मग त्याच ठिकाणी एक फूट खोल खड्डा करा, पाण्याने भरा, पूर्ण जिरू द्या आणि परत भरा. दुसऱ्यांदा किती वेळ लागतो ते बघा. काही तासांत जिरलं तर ठीक. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी तसंच असेल तर तुमचा प्रॉब्लेम मॉसच्या बराच आधी सुरू होतोय.

काढलेला मातीचा तुकडा फेकायच्या आधी उभा कापून नीट बघा, खूप काही कळतं. वर बोटभर काळपट माती आणि त्यातच गवताची सगळी मुळं, त्याखाली एकदम राखाडी मातीत गंजासारखे केशरी ठिपके आणि मुळांचा पत्ता नाही, असं दिसलं तर समजा की खाली हवाच जात नाहीये. वास घेतलात तर कधीकधी सडक्या अंड्यासारखा येतो. हे बघितलं की पुढची सगळी मेहनत कशासाठी ते आपोआप समजतं.

नवीन बिल्डचं घर असेल तर फावडं आत जाताना खडखड आवाज येईल. यंत्रांनी दाबून दगड झालेली माती, विटांचे तुकडे, त्यावर थोडीशी टॉपसॉईल (वरची सुपीक माती) आणि वर टर्फ (तयार गवताचे पट्टे) असा प्रकार असू शकतो. पहिल्या दोन वर्षांत असाल तर आधी फोटो काढा, पाणी साचलेलं दिसू द्या, तारीख येऊ द्या, आणि बिल्डरला लेखी कळवा. सहसा वॉरंटीच्या पहिल्या दोन वर्षांत दुरुस्तीची जबाबदारी बिल्डरचीच असते. स्वतः खणून टाकलंत की मग वाद घालत बसा.

2. कारण शोधा, आणि ते कागदावर मांडा

एक साधा नकाशा काढा, घर कुठे, फेन्स कुठे, झाड कुठे, उत्तर कुठे. मॉस जिथे जास्त तिथे पेन्सिलने रेघा मारा. मग बघा रेघा कशावर पडतायत.

सावलीत असेल तर सावली. पायवाटेवर असेल, म्हणजे दारापासून शेडपर्यंत किंवा पोरं जिथे क्रिकेट खेळतात तिथे, तर माती दबलीये. सखल भागात असेल तर पाणी. घराच्या भिंतीलगत असेल तर पावसाच्या पाण्याचा पाईप फुटलाय का, गटर तुंबून धार बाहेर पडतेय का ते आधी बघा, कारण ते दुरुस्त न करता लॉनवर पैसे घालणं म्हणजे पैसे पाण्यात. सगळीकडे सारखंच असेल तर बहुतेक वेळा गवत फार बारीक कापलं जातंय आणि खत मिळत नाहीये.

मातीचा पीएच, म्हणजे ती किती आम्ल आहे तेही एकदा बघून घ्या, छोटी किट गार्डन सेंटरमध्ये स्वस्तात मिळते. हे मुद्दाम सांगतेय कारण मॉस म्हणजे आम्ल माती आणि आम्ल माती म्हणजे चुना टाका, असा सल्ला कोणीतरी हमखास देतं. पीएच 5.5 च्या खाली असेल तरच चुन्याचा विचार करा. गवताला 6 ते 7 मध्ये बरं वाटतं. इंग्लंडात बऱ्याच ठिकाणची चिकणमाती मुळातच चुनखडीची असते, तिथे अजून चुना घातलात तर मॉसला काही होत नाही आणि गवताचे मात्र हाल.

3. कागदपत्रं आणि परवानग्या

लॉनसाठी कसली कागदपत्रं असं वाटेल, पण नवीन आलेल्यांना नेमकं इथेच महागात पडतं.

भाड्याने राहत असाल तर टेनन्सी अ‍ॅग्रीमेंट काढा आणि बागेबद्दल काय लिहिलंय ते वाचा. गवत कापणं बहुतेक वेळा तुमच्याकडे असतं, पण लॉन खरवडणं, भोकं पाडणं, वाळू टाकणं यासाठी लँडलॉर्डची ईमेलवर परवानगी घ्या. खरवडलेलं लॉन महिनाभर भयंकर दिसतं आणि नेमकं तेव्हाच एजंट इन्स्पेक्शनला आला तर डिपॉझिटचा प्रश्न होतो. इन्व्हेंटरीतले बागेचे फोटो जपून ठेवा.

झाडाच्या फांद्या कापायच्या असतील तर आधी कौन्सिलच्या वेबसाईटवर दोन गोष्टी बघा, झाडावर ट्री प्रिझर्वेशन ऑर्डर आहे का आणि तुमचा रस्ता कॉन्झर्वेशन एरियात येतो का. ऑर्डर असेल तर परवानगीशिवाय फांदीलासुद्धा हात लावायचा नाही, दंड होतो आणि तो छोटा नसतो. कॉन्झर्वेशन एरियात, जमिनीपासून दीड मीटरवर बुंध्याचा व्यास 75 मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर कौन्सिलला सहा आठवडे आधी कळवावं लागतं. झाड शेजाऱ्याचं आणि फांद्या तुमच्याकडे असतील तर हद्दीपर्यंत कापता येतात, पण वरचे नियम तिथेही लागू, आणि कापलेल्या फांद्याही शेजाऱ्याच्याच. आधी जाऊन बोला, बरेचदा ते स्वतःच कापून देतात. मार्च ते ऑगस्ट पक्ष्यांच्या घरट्यांचा काळ, वापरात असलेलं घरटं मोडणं 1981 च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड अ‍ॅक्टखाली गुन्हा आहे.

आणि एक कळकळीने सांगते, चिकणमातीवर घराजवळचं मोठं झाड सावली पडते म्हणून मुळासकट काढू नका, निदान जाणकाराला दाखवल्याशिवाय तरी नाही. झाड जमिनीतलं भरपूर पाणी ओढत असतं, ते गेलं की चिकणमाती फुगते आणि पाया वर ढकलला जाऊ शकतो. खालच्या फांद्या उतरवून ऊन आत आणणं वेगळं आणि झाड पाडणं वेगळं.

तिसरं, गार्डन वेस्टचा बिन. बऱ्याच कौन्सिल त्याचे वर्षाचे वेगळे पैसे घेतात. या कामात इतकं मॉस निघतं की बिन नसेल तर पंचाईत होते, कारण ते साध्या कचऱ्यात टाकू देत नाहीत. टिपवर, म्हणजे कौन्सिलच्या कचरा केंद्रावर न्यायचं असेल तर काही ठिकाणी आधी स्लॉट बुक करावा लागतो आणि पत्त्याचा पुरावा दाखवावा लागतो.

4. हत्यारं

- स्प्रिंग टाईन रेक, म्हणजे पंख्यासारखा तारांचा. लहान लॉनला हाच पुरतो.
- मोठ्या लॉनला इलेक्ट्रिक स्कॅरिफायर, म्हणजे लॉन खरवडायचं मशीन. विकत घेऊ नका, टूल हायरच्या दुकानातून शनिवार-रविवारसाठी आणा किंवा दोन-तीन घरांत मिळून आणा.
- होलो टाईन एरेटर. पोकळ नळ्यांचा फोर्क असतो, पायाने दाबला की मातीची कांडी बाहेर काढतो. चिकणमातीसाठी हे सगळ्यात महत्त्वाचं.
- कडक झाडू, घमेलं, हातमोजे, जुने बूट.
- शार्प सँड (जाडसर, धुतलेली वाळू), थोडी टॉपसॉईल, बारीक चाळलेलं कंपोस्ट.
- गवताचं बी आणि मॉस किलर.

काटेवाले सँडल मिळतात, पायात घालून लॉनवर चालायचे. पैसे वाया घालवू नका. त्याने माती बाहेर निघत नाही, नुसती आजूबाजूला दाबली जाते, आणि ओल्या चिकणमातीत तर भोकाच्या भिंती गुळगुळीत होऊन पाणी तिथेच थांबतं.

5. मॉस मारा (सप्टेंबरच्या सुरुवातीला)

हे सगळं काम शरद ऋतूत करा. एप्रिलमध्येही करता येतं, पण त्यानंतर उन्हाळा येतो, बी रुजायच्या आत माती तडकते आणि त्यातच होजपाईप बॅन, म्हणजे पाईपने पाणी घालायला बंदी, लागला की संपलं. 2022 आणि 2025 मध्ये इंग्लंडच्या बऱ्याच भागात तसा बॅन होता. सप्टेंबरात जमीन अजून उबदार असते आणि पाऊस सुरू होतो, बीला याहून चांगलं काही नाही. वसंतात फक्त हलकं रेक करा आणि खत द्या.

बाजारातली बहुतेक मॉस किलर फेरस सल्फेटची, म्हणजे लोहाची असतात. पाकिटावर लॉनमधल्या मॉससाठी असं स्पष्ट लिहिलेलं असेल तेच घ्या आणि प्रमाण त्यावरचंच. जास्त टाकलं की गवतही काळं पडतं. एक-दोन पाऊस होऊन मॉस ताजंतवानं झालं की टाका, उन्हाळ्यात सुकून पांढरट पडलेल्या मॉसवर फारसं चालत नाही. कडाक्याच्या थंडीत किंवा दुष्काळात नको. टाकल्यावर दोन दिवसांत पाऊस आला नाही आणि पाकिटावर तसं सांगितलं असेल तर पाणी द्या. पोरं आणि कुत्रा-मांजर तोवर आत.

लोखंडाचे डाग हा मोठा सापळा आहे. पॅटिओच्या फरशीवर दाणे पडले आणि ओले झाले की गंजाचे डाग पडतात आणि ते जात नाहीत. कोरडे असतानाच झाडून घ्या, पाण्याने धुऊ नका. त्याच बुटांनी घरात कार्पेटवर येऊ नका.

दुसरा सापळा थ्री-इन-वन किंवा फोर-इन-वनचा. त्यात मॉस किलर, खत आणि तणनाशक एकत्र असतं. सोयीचं वाटतं, पण तणनाशक असलं की पुढे काही आठवडे बी पेरता येत नाही आणि पहिल्या काही कापण्यांचं गवत कंपोस्टमध्येही घालता येत नाही. आपल्याला तर लगेच पेरायचंय. म्हणून नुसतं मॉससाठीचं घ्या.

6. मेलेलं मॉस खरवडून काढा

साधारण दोन आठवड्यांत मॉस काळंकुट्ट होतं. त्याआधी रेक करू नका, जिवंत मॉसचे तुकडे इकडेतिकडे पसरून नवीन जागी रुजतात.

आधी गवत नेहमीपेक्षा थोडं बारीक कापा. मग रेक घ्या, हाताला जोर देऊन ओढा, तारांमध्ये मॉसचे गुंते अडकतील ते काढत जा. मशीन असेल तर पहिला हात उंच सेटिंगवर, दुसरा थोडा खाली, आणि दुसऱ्या वेळी पहिल्या रेघांना तिरकं जा. सगळं एकाच फेरीत काढायला गेलात तर मशीन गवत मुळासकट उपटतं.

किती निघतं याची कल्पना आधी येत नाही. छोट्याशा लॉनमधून पोतीच्या पोती. संपल्यावर लॉनकडे बघून पोटात गोळा येईल, अर्धी माती उघडी, उरलेलं गवत पिवळं. घाबरू नका, ते असंच दिसायला हवं. बी मातीवर पडायला हवं ना, मॉसवर पडलं तर रुजणार कुठे.

7. भोकं पाडा, पण वाफसा बघून

हा या सगळ्यातला कळीचा भाग आणि याबद्दल इथल्या पाकिटांवर काही लिहिलेलं नसतं. ज्यांच्या घरी काळ्या रानाची शेती आहे त्यांना सांगायलाच नको, चिखलात औत घालत नाहीत आणि ढेकूळ झाल्यावरही घालत नाहीत, वाफसा येईपर्यंत थांबतात. लंडन क्लेचं अगदी तेच आहे. उन्हाळ्यात भेगा पडतात, दगडासारखी घट्ट, होलो टाईन आत जातच नाही, आणि नोव्हेंबरात इतकी ओली की प्रत्येक पाऊल माती अजून दाबतं. मधले काही आठवडे तुमचे. कुठल्या वर्षी ते सप्टेंबरच्या मध्यात येतात, कुठल्या वर्षी ऑक्टोबर उजाडतो. कॅलेंडरकडे बघून शनिवार ठरवू नका, मातीकडे बघून ठरवा.

ओळखायचं कसं? चारेक इंच खालची मूठभर माती काढा, मुठीत दाबा, मग कमरेच्या उंचीवरून खाली सोडा. गोळा फुटून तुकडे झाले की वाफसा आलाय, कामाला लागा. बोटांना चिकटली, चपटी होऊन तशीच राहिली तर थांबा. मूठच वळली नाही, ढेकूळ तसंच राहिलं तर पावसाची वाट बघा किंवा आदल्या दोन दिवशी स्प्रिंकलर लावून भिजवा.

होलो टाईन पायाने दाबा, तीन-चार इंच खोल जाऊ द्या, सरळ वर ओढा. मग चार ते सहा इंच सोडून पुढचं. मातीच्या कांड्या वर येत राहतील, त्या लॉनवर तशाच सोडू नका, झाडून गोळा करा, कारण पाऊस आला की चिखल होऊन तीच भोकं बुजवतात. नळ्यांमध्ये माती अडकते, मधून मधून स्क्रूड्रायव्हरने साफ करा.

पूर्ण लॉन एका दिवसात करायची गरज नाही. जिथे पायवाट आहे, जिथे पाणी साचतं, ते आधी. बाकीचं उद्या, किंवा पुढच्या वर्षी. होलो टाईन दर दोन-तीन वर्षांनी पुरतं, मधल्या वर्षांत साधा गार्डन फोर्क चार-सहा इंच खुपसून मागेपुढे जरा हलवायचा.

मागे मागे सरकत जा, म्हणजे केलेल्या भागावर परत पाय पडत नाही. फळी टाकून त्यावर उभं राहिलात तर अजून चांगलं.

8. भोकं भरा

भोकं तशीच ठेवली तर चिकणमाती फुगून ती मिटवून टाकते. म्हणून त्यात दुसरं काहीतरी जायला हवं. साधं मिश्रण, सहा घमेली शार्प सँड, तीन घमेली वाळूमिश्रित चांगली टॉपसॉईल, एक घमेलं बारीक कंपोस्ट. चौरस मीटरला दोन-तीन किलो पसरा आणि कडक झाडूने भोकांमध्ये ढकला. गवताची पाती वर दिसत राहायला हवीत, सगळं गाडलंत तर गवत गुदमरेल.

वाळूबद्दल नीट ऐका. बांधकामाची पिवळी बिल्डर्स सँड नको, ती फार बारीक असते आणि तिच्यात चुना किंवा क्षारही असू शकतात. आणि चिकणमातीत थोडीशी वाळू कालवली की माती सुटी होते हा गैरसमज सोडा. वाळूचे मोठे कण चिकणमातीत नुसते बुडून राहतात आणि सुकल्यावर अजून घट्ट होतं. भोकात भरलेली वाळू वेगळी, ती पाण्याला आणि हवेला खाली जायला वाट देते. कंपोस्ट गांडुळं स्वतःच खाली नेतात, जी कामं आपल्याला जमत नाहीत ती तीच करतात, त्यामुळे त्यांच्या मातीच्या ढिगाऱ्यांवर वैतागून त्यांना हाकलायचे उपाय शोधू नका. ढिगारे सुकले की झाडूने पसरवून टाका.

भरपूर पाणी साचत असेल तर लोक फ्रेंच ड्रेन, म्हणजे खडी भरलेला पाणी वाहून नेणारा चर, करायला निघतात. आधी विचारा, पाणी जाणार कुठे? चिकणमातीत सोकअवे (पाणी जिरवायचा खड्डा) खणलात तर तो खड्डा स्वतःच भरून बसतो. आणि घराच्या सांडपाण्याच्या लाईनला परस्पर जोडता येत नाही. हे काम करायचंच तर माहितगाराकडून करून घ्या.

9. बी पेरा

त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी. ऑक्टोबरचा मध्य उलटून गेला असेल तर थांबलेलं बरं, थंडीत बी पडून राहतं आणि कबुतरं खातात.

उन्हाच्या, वापराच्या भागाला पेरेनियल रायग्रास जास्त असलेलं मिश्रण, ते चिकणमाती सहन करतं आणि आठ-पंधरा दिवसांत उगवतं. टॉल फेस्क्यूची मुळं खोल जातात, उन्हाळ्यात भेगा पडतात त्या जागी ते चांगलं टिकतं. सावलीच्या भागाला शेड मिक्स, त्यात बारीक फेस्क्यू असतात, उगवायला दोन-तीन आठवडे घेतात म्हणून धीर धरा. एकच पाकीट सगळीकडे टाकू नका, नकाशा काढलाय तो इथेच कामाला येतो.

विरळ लॉनवर चौरस मीटरला साधारण 25 ते 35 ग्रॅम, पाकिटावर ओव्हरसीडिंगचं, म्हणजे आहे त्या गवतावर पेरण्याचं, प्रमाण वेगळं दिलेलं असतं ते बघा. अर्धं बी उभ्या ओळीत, अर्धं आडव्या ओळीत टाका म्हणजे ठिगळं दिसत नाहीत. मग रेक उलटा धरून हलकेच फिरवा आणि पायाने हळू दाबा. पाऊस नसेल तर रोज हलकं पाणी. रोपं दोन-अडीच इंच होईपर्यंत कापू नका आणि तोवर कोणाला चालू देऊ नका, पोरांना तेवढे दिवस पार्कात न्या.

10. नंतरची वर्षभराची काळजी

गवत दीड इंचाच्या आसपास ठेवा, सावलीत दोन इंच. एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका. मॉस परत यायचं सगळ्यात मोठं कारण माझ्या मते हेच, लोक वेळ वाचवायला एकदम खालपर्यंत कापतात, गवत कमजोर होतं आणि मॉसला उजेड मिळतो. ओल्या मातीवर जड मशीन फिरवू नका.

वसंतात नायट्रोजनचं खत, शरद ऋतूत पोटॅशचं, ऑटम फीड म्हणून वेगळं मिळतं. उन्हाळ्याचं उरलेलं खत ऑक्टोबरात संपवायला टाकू नका, कोवळं गवत थंडीत रोगाला बळी पडतं.

पडलेली पानं आठवड्याला काढा. दव गोठून किंवा बर्फ पडून लॉन पांढरं दिसत असेल तेव्हा त्यावर पाय ठेवू नका. दारापासून शेडपर्यंत रोजची ये-जा असेल तर सरळ चार-पाच फरशा बसवा, तो पट्टा दरवर्षी वाचवत बसण्यात अर्थ नाही.

11. जिथे जमणारच नाही तिथे

उत्तरेकडची भिंत आणि फेन्स यांच्यातला बोळ, मोठ्या कोनिफरखालची जागा, इथे गवताला दिवसाला दोन तासही ऊन मिळत नसेल तर हट्ट सोडा. तिथे फर्न, होस्टा, क्रेन्सबिल लावा किंवा बार्कचा थर टाका. मॉसच ठेवायचं असेल तर तेही छान दिसतं, क्योटोच्या साईहोजी मंदिराची बाग जगभर त्याच्या मॉससाठीच प्रसिद्ध आहे. तुमच्या मॉसच्या जागीही फक्त पानं झाडायची आणि चालायचं नाही. प्लॅस्टिकचं गवत मात्र टाकू नका. खालची चिकणमाती तशीच राहते, साचणारं पाणी तसंच राहतं, कालांतराने सावलीत त्याच्यावरही मॉस येतं आणि गांडुळं, पक्षी सगळं जातं.

पहिल्या वर्षानंतर थोडं मॉस दिसणारच, त्याने खचून जाऊ नका. फेब्रुवारीत तोच नकाशा घेऊन परत बागेत जा, नवीन रेघा वेगळ्या रंगाने मारा. रेघा आक्रसल्या असतील तर त्या भागाला आता फक्त खत आणि नीट कापणी पुरे. जिथे त्या तशाच आहेत तेवढ्याच जागेसाठी सप्टेंबरात होलो टाईन परत आणा, आणि गार्डन वेस्टच्या बिनचं नूतनीकरण त्याआधी करून ठेवा.